चीनच्या कड्यांतील थडगी आणि ती कोरणारे हात



'लेणे' हा शब्द ऐकला की आपल्यापुढे कार्ले, भाजे, कान्हेरी, नाशिकची पांडवलेणी उभी राहतात. पावसाळ्यात भिक्षूंना आसरा मिळावा, त्यांना बसावयास, निजावयास आणि उपासनेस जागा असावी म्हणून डोंगराच्या पोटात कोरलेली ही घरे. आपले लेणे म्हणजे जिवंत माणसांची वस्ती. आज ज्या लेण्यांविषयी मी बोलणार आहे ती साधारण त्याच शतकांतली आहेत, पण ती चीन देशातली, आणि ती मेलेल्या माणसांची घरे आहेत.

मी इतिहासाचा पंडित नाही. गेटवरच्या सभा आणि लेबर कोर्टाच्या तारखा यांमधून उरलेला वेळ सार्वजनिक वाचनालयात काढून जे वाचले, तेवढीच माझी शिदोरी. तेव्हा राजवंशांच्या याद्यांची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. कोरलेला डोंगर दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हा फोडला कोणी, कशाने फोडला, आणि त्याच्या पदरात काय पडले? आजचे व्याख्यान त्या प्रश्नाच्या धाग्यानेच मी विणणार आहे.

चीनच्या नैर्ऋत्येस सिचुआन नावाचा प्रांत आहे. सुपीक खोरे, भोवती डोंगर, मधून मिन नदी वाहते. ह्या नदीतून नावेने जाताना काठच्या तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांवर चौकोनी काळी दारे दिसतात. कुठे एकच, कुठे मधाच्या पोळ्यासारखी ओळीने. स्थानिक लोक त्यांना 'मान्त्झ तोंग' म्हणत. मान्त्झ म्हणजे रानटी माणसे, तोंग म्हणजे गुहा. कोणे एके काळी इथे रानटी टोळ्या राहत असत, त्यांची ही घरे, अशी समजूत होती. 1877 साली त्या भागातून प्रवास करणाऱ्या बेबर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेही ह्या गुहा पाहिल्या आणि त्यांच्याविषयी लिहिले, ते 'मान्त्झ गुहा' ह्याच नावाने. विसाव्या शतकाच्या आरंभी टॉरन्स हा मिशनरी आणि 1914 साली सेगालेन हा फ्रेंच कवी-संशोधक यांनी आत शिरून, मापे घेऊन, मातीची भांडी पाहून ओळखले की ह्या गुहा रानटी लोकांच्या नव्हेत. त्या हान राजवंशाच्या काळातल्या सुसंस्कृत चिनी कुटुंबांच्या कबरी आहेत. यात हसण्यासारखे काही नाही. कोरणाराची आठवण बुजली की मागे राहिलेले लोक जे नाव जिभेवर असेल ते चिकटवून देतात. आपण नाही का भिक्षूंच्या विहारांना पांडवांच्या नावावर चढवले!

हान राजवंश म्हणजे इ. स. पू. 206 ते इ. स. 220, मधला थोडा खंड सोडून चारशे वर्षे. सिचुआनच्या बहुतेक गुहा ह्या काळाच्या उत्तरार्धातल्या. पण डोंगरात थडगे कोरण्याची चाल आधी राजेलोकांनी पाडली होती, म्हणून दोनशे वर्षे मागे आणि थेट पूर्वेकडे जाऊन मग आपण सिचुआनला परत येऊ.

1968 च्या मे महिन्यात हपे प्रांतातल्या मान्चंग गावाजवळ चिनी सैन्याची तुकडी डोंगरात बोगदा खणीत होती. खणता खणता जमीन खचली आणि खाली पोकळी लागली. ती निघाली ल्यू शंग ह्या राजाची कबर. हा सम्राट जिंगचा मुलगा आणि सम्राट वूचा सावत्र भाऊ, इ. स. पू. 113 मध्ये वारला. शेजारीच त्याची राणी तौ वान हिची कबर सापडली. इतिहासकार स्स-मा च्येन ह्या राजाविषयी दोनच गोष्टी आवर्जून सांगतो: त्याला मद्याचा आणि जनानखान्याचा शौक होता, आणि त्याचा परिवार मुले-नातवंडे मिळून एकशेवीसावर गेला होता. दोन्ही कबरींत मिळून मद्याचे तीसाहून अधिक मोठमोठे रांजण मिळाले, तेव्हा निदान पहिली गोष्ट खरी धरावयास हरकत नाही.

राजाच्या देहावर जेड दगडाच्या 2,498 चकत्यांचा अंगरखा होता. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत चकत्या सोन्याच्या तारेने शिवलेल्या. तार सुमारे 1,100 ग्रॅम. जेडमध्ये गुंडाळलेला देह कुजत नाही अशी श्रद्धा होती. अंगरखा अभंग राहिला, आतल्या देहाची माती झाली. दोन हजार वर्षे वर्तमानपत्रे असती तर त्यांनी जसे केले असते तसेच 1968 नंतर झाले. जगभर चित्रे छापून आली ती ह्या अंगरख्याची.

मला त्याहून विचार करावयास लावतात ती त्या पोकळीची मापे. राजाची कबर 51.7 मीटर लांब, जास्तीत जास्त 37.5 मीटर रुंद आणि 6.8 मीटर उंच आहे. मध्ये दिवाणखाना, मागे शयनगृह, एका बाजूस कोठार, दुसऱ्या बाजूस रथ-घोड्यांची पागा. डोंगरातून बाहेर काढलेला दगड 2,700 घनमीटर. एका घनमीटरला अडीच टन धरले तर पावणेसात हजार टन खडक, छिन्नी-हातोड्याने सुटा करून, टोपल्यांत भरून, एका दाराने बाहेर नेलेला. सुरुंगाची दारू तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. आणि राणीची कबर आकारमानाने राजापेक्षाही मोठी आहे. काम संपल्यावर दारावर विटांच्या दोन भिंती घालून त्यांच्या फटीत वितळलेले लोखंड ओतले. भट्टी त्या डोंगरावर नेली असली पाहिजे, कारण वितळलेले लोखंड फार दूर वाहून नेता येत नाही.

दुसरे उदाहरण शूचौ शहराजवळच्या ग्वेशान टेकडीचे. 1981 साली गावकरी घरांसाठी दगड काढीत असताना ही कबर उघडी पडली. पुढे ल्यू जू ह्या नावाची चांदीची मुद्रा मिळाली आणि इ. स. पू. 116 मध्ये वारलेल्या चू राज्याच्या राजाची ही जागा, हे नक्की झाले. टेकडीत शिरणारे दोन बोगदे एकमेकांस समांतर, प्रत्येकी 56 मीटर लांब. उंची 1.78 मीटर, म्हणजे उंच माणसाचे डोके जेमतेम छताखालून जाईल. रुंदी एक मीटरहून थोडी जास्त. एवढ्या अरुंद जागेत दोन माणसे शेजारी उभी राहून घण मारू शकत नाहीत. तरीही बोगद्याची भिंत सरळ रेषेपासून ढळली आहे ती अवघी 5 मिलिमीटर. आपल्यापैकी ज्यांनी घराची भिंत गवंड्याकडून बांधून घेतली असेल त्यांना पाच मिलिमीटरचे मोल कळेल. आत पंधरा दालने. आणि आत जाणारी वाट सहा ते सात टन वजनाच्या 26 दगडांनी, दोन थरांत, बुचासारखी बंद केलेली.

त्या बुचाच्या एका दगडावर लेख आहे. राजाच्या नावाने त्यात आकाशाला निवेदन केले आहे की, ह्या थडग्यात भारी भांडी ठेवलेली नाहीत, सोने नाही, जेड नाही. पुढच्या काळातल्या भल्या गृहस्थांनी हा लेख पाहावा आणि दयाबुद्धी ठेवावी. थडक्या भाषेत: चोरांनो, इथे काही नाही, परत जा. चोरांनी ह्या लेखावर विश्वास ठेवला नाही. संशोधक आत गेले तेव्हा कबर केव्हाच लुटली गेलेली होती.

ह्यावरून एक जुनी गोष्ट आठवते. तीही स्स-मा च्येननेच नोंदवली आहे. ल्यू शंगचा आजोबा सम्राट वन एकदा आपल्या नियोजित थडग्याच्या जागी उभा होता. तो म्हणाला, उत्तरेकडच्या डोंगराचा दगड घेऊन शवपेटी केली आणि फटी ताग व लाख यांनी बुजवल्या, तर कोणाची छाती आहे ती हलवण्याची? बरोबरच्या लोकांनी माना डोलावल्या. जांग शिजी नावाचा एक अधिकारी पुढे होऊन म्हणाला, महाराज, आत कोणाला हवेसे वाटेल असे काही असेल, तर सगळा दक्षिण डोंगर ओतीव करून बंद केला तरी त्याला फट सापडेल. आणि आत हवेसे काही नसेल, तर दगडी पेटी नसली तरी भीती कशाची? सम्राटाने त्याला बढती दिली. मालकाच्या तोंडावर खरे बोलून बढती मिळाल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात फार नाहीत, म्हणून ही गोष्ट मी जपून ठेवली आहे. ह्या वन सम्राटाने मरताना थडग्यात फक्त मातीची भांडी ठेवा, टेकडीला हात लावू नका असे सांगितले होते, असा लेखी पुरावा आहे. डोंगरात थडगे कोरण्याची प्रथा त्यानेच सुरू केली असे शतकानुशतके मानले जात होते. पण 2021 साली चिनी पुरातत्त्वज्ञांनी जाहीर केले की त्याची खरी कबर जवळच्या सपाट जमिनीखाली आहे, डोंगरात नाही.

हा खर्च येत कुठून असे? सम्राट गादीवर आला की दुसऱ्याच वर्षी त्याच्या थडग्याचे काम सुरू होई, आणि देशाच्या महसुलाचा तिसरा हिस्सा त्यात जाई, असे पुढच्या एका राजवंशाच्या इतिहासात लिहिले आहे. राजपुत्रांचे प्रमाण लहान, पण धडा तोच. इ. स. पू. 154 मध्ये सात राज्यांचे बंड मोडल्यावर ह्या राजपुत्रांचे लष्करी आणि कारभाराचे अधिकार काढून घेण्यात आले. उत्पन्न मात्र चालू राहिले. सत्ता नाही आणि पैसा आहे अशा माणसाने डोंगर पोखरून महाल करावा, यात नवल कसले?

आता हातांकडे वळू. हनान प्रांतात मांगतांग नावाच्या टेकड्यांत ल्यांग राज्याच्या राजांच्या कबरी आहेत. त्यांतली एका राणीची कबर दोनशे मीटरांहून लांब आहे, तीसाहून अधिक दालने आहेत. (शेजारची राजाची कबर सेनापती त्साव त्सावने सैन्य लावून लुटली आणि सोने नेले, असे त्याच्या शत्रूने काढलेल्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. जाहीरनामे कसे लिहिले जातात हे मला चांगले ठाऊक असल्याने मी ती गोष्ट अर्धीच धरतो.) ह्या राणीच्या कबरीत वाट बंद करण्यासाठी घातलेले हजारो घडीव दगड मिळाले, आणि त्यांवर अक्षरे आहेत. क्रमांक, दिशा, माप, तारीख. आणि कित्येकांवर माणसांची नावे.

नाव पाहून आपल्याला वाटेल, वा, कारागिराचा मान राखला! तसे नाही. प्राचीन चीनमध्ये नियमच होता की सरकारी कामात वस्तूवर घडवणाऱ्याचे नाव असावे. हेतू असा की, माल वाईट निघाला तर कोणाला धरावयाचे ते कळावे. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही. एके काळी तिथे डागाळलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापीत. त्याविरुद्ध कामगार किती भांडले! कार्ल्याच्या चैत्याच्या दारावर धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे; ते मानाचे नाव आहे, आपण केलेल्या कामाशी त्याने अभिमानाने जोडलेले. मांगतांगच्या दगडावरचे नाव हे हजेरीपटावरचे नाव आहे. दोन्ही नावे टाकीनेच कोरली, पण त्यांच्यात फरक केवढा!

आणि ज्यांचे नावही लागले नाही त्यांचे काय? ल्यू शंगचा बाप सम्राट जिंग ह्याच्या थडग्याजवळ 1972 साली पुरातत्त्वज्ञांना मजुरांची दफनभूमी सापडली. तिथले सांगाडे उथळ खड्ड्यांत, कसेही टाकलेले होते. पेटी नाही, भांडे नाही. काहींच्या गळ्यात लोखंडी कडे होते, काहींच्या पायांत बेडी. शिक्षा झालेले कैदी बांधकामावर राबवण्याची ती पद्धत होती, आणि मेल्यावरही बेडी काढण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. बापाला ज्या राज्ययंत्राने थडगे बांधून दिले, मुलाला डोंगर कोरून देणारे तेच.

इथून आता सिचुआनला परत जाऊ. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. ह्या खोऱ्यात मिठाच्या खोल विहिरी होत्या, लोखंडाच्या भट्ट्या होत्या. जुओ नावाच्या एका लोखंडवाल्या घराण्याकडे तर पूर्वीच हजार नोकर होते म्हणतात. जमीनदार, व्यापारी, लहानमोठे अधिकारी यांच्या हाती पैसा खेळू लागला, आणि राजांचा शौक गृहस्थांच्या घरात उतरला. लेशान शहरापाशी मिन, तादू आणि चिंगयी ह्या नद्यांच्या संगमाजवळ माहाओ नावाची जागा आहे. एवढ्या एका ठिकाणी पाचशेहून अधिक कबरी आहेत. पलीकडेच 713 ते 803 ह्या नव्वद वर्षांत कोरलेली 71 मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. प्रवासी तिच्यासाठी येतात आणि ही दारे बहुधा पाहतही नाहीत.

काम कसे चाले ते दगडच सांगतो. आधी कड्याचा दर्शनी भाग ताशीव करावयाचा, मग दाराची चौकट एकात एक अशी दोन-तीन वेळा आत घेत जावयाची, म्हणजे पावसाचे पाणी थेट आत शिरत नाही. जमिनीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार, आणि कडेने पन्हळ, झिरपलेले पाणी वाहून जावे म्हणून. ही पन्हळ मला फार आवडते. ती काही मृतात्म्यासाठी नाही. डोंगरात काम केलेल्या, पायाखाली पाणी साचलेले सोसलेल्या माणसाला सुचलेली ती गोष्ट आहे. भिंतींवर टाकीच्या तिरप्या रेघा अजून एकीशेजारी एक दिसतात. वालुकाश्म मऊ असतो. कोकणातला जांभा फोडणाऱ्याला त्याची कल्पना येईल. तरी माहाओची पहिली कबर 29 मीटर आत गेली आहे, आणि तेवढ्या खोलीवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही. दिव्याच्या उजेडात, दगडाची भुकटी नाकातोंडात जात असता हे काम झाले. दगडाच्या धुळीने फुप्फुसाचे काय होते ते खाणकामगारांच्या वस्तीत ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णन करून सांगावयास नको.

आत गेल्यावर दिसते ते घर. लाकडी खांब, तुळया, छपराच्या कौलांच्या कडा, सगळे दगडातून कोरलेले. काही कबरींत भिंतीतच चूल कोरली आहे, शवपेटीही मूळ खडकातूनच. माहाओच्या भिंतीवर जिंग क नावाचा मारेकरी चिनच्या राजावर खंजीर घेऊन धावतो आहे, तो प्रसंग कोरला आहे. फसलेल्या राजहत्येचे चित्र सुखवस्तू माणसाने आपल्या थडग्यात का काढवून घ्यावे, हे मला मोठे गमतीचे वाटते. सोबत ठेवलेली मातीची चित्रे म्हणजे तर त्या काळचा अख्खा गाव. भातखाचर, तळ्यातली बदके, कुत्रा, ढोलकी वाजवणारा, पाटावर मासे चिरणारा आचारी, आणि हातात फावडे घेतलेला शेतमजूर. ही माणसे बहुतेक हसतमुख आहेत. पुष्कळ अभ्यासकांनी ह्या हास्याचे कौतुक केले आहे. मालकाच्या पैशाने, मालकाच्या थडग्यासाठी घडवलेला नोकर हसतमुखच असणार, एवढेच मी म्हणतो.

माहाओच्या ह्याच कबरीत मागच्या दालनाच्या दारावर, गणेशपट्टीच्या जागी म्हणा, एक लहान बसलेली मूर्ती आहे. उंची सव्वा फुटाच्या आसपास. डोक्यामागे प्रभामंडळ, उजवा हात अभय देणारा, डाव्या हातात वस्त्राची कड. तो बुद्ध आहे. चीनमधल्या अगदी आरंभीच्या बुद्धप्रतिमांत तिची गणना होते. ज्या जागी एरवी 'पश्चिमेची राजमाता' ही अमरत्व देणारी देवता कोरीत, तिथे हा परदेशातून आलेला देव बसवलेला आहे. त्याच्यापाशी विहार नाही, भिक्षू नाही, उपदेश नाही. आपल्याकडून निघालेला शास्ता तिथे प्रथम पोहोचला तो मेलेल्या माणसाच्या दाराचा राखणदार म्हणून.

ह्या कबरींचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला तो मोठ्या आपत्तीच्या काळात. जपानी आक्रमणामुळे चीनच्या विद्यासंस्था पुस्तकांच्या पेट्या घेऊन सिचुआनच्या आडगावांत आश्रयाला आल्या होत्या. 1941-42 साली वू जिनतिंग, शा नाय, बाई ज़ंग जाओयू आणि इतर तरुण संशोधक पंगशानच्या कड्यांवर मोजपट्टी घेऊन चढले. शा नाय नुकताच इजिप्तच्या विद्येचा अभ्यास करून परतला होता. त्यांना एका कबरीत मातीची बैठक मिळाली, तिच्यावर दोन सेवकांमध्ये बसलेला बुद्ध आहे. ती आज नानजिंगच्या संग्रहालयात आहे. दुसऱ्या एका दारावरच्या दगडात पुरुष आणि स्त्री एकमेकांच्या मिठीत बसून चुंबन घेत आहेत. तो दगड पेकिंगच्या राजवाडा-संग्रहालयात ठेवला आहे.

शेवटी दोन लेखांविषयी सांगतो. दोन्ही ह्याच काळातले, आणि दोन्हींत एकच गोष्ट सांगितली आहे: इथे कोण आहे.

पहिला पंगशानच्या परिसरातल्या एका कबरीतला, इ. स. 77 सालचा. त्यात म्हटले आहे की ही गुहा मूळची जांग बिनगोंग याच्या कुटुंबाची. मग मुलगा, सून, नातू यांपैकी कोण कोणत्या बाजूच्या कोनाड्यात आहे ते एकेक करून लिहिले आहे. पिढ्यांपिढ्या एक घर वाढवीत जावे, नव्या सुनेसाठी खोली काढावी, तशी ही कबर आत आत वाढत गेली.

दुसरा लेख एक नाही, शेकडो आहेत, आणि ते डोंगरात नाहीत. 1964 साली हानांची राजधानी लोयांग हिच्या दक्षिणेस, उघड्या मैदानात 522 खड्डे खणून तपासले गेले. राजधानीच्या कामांवर मेलेल्या कैद्यांचे ते खड्डे होते, इ. स. 107 ते 121 ह्या वर्षांतले. प्रत्येक प्रेताबरोबर एक-दोन विटा टाकलेल्या, पुष्कळशा मोडक्या, बांधकामातून उरलेल्या. विटेवर घाईघाईने ओरखडलेली अक्षरे आहेत: अमुक प्रांत, अमुक तालुका, शिक्षेचा प्रकार, माणसाचे नाव, मेल्याची तारीख. आणि अखेरीस तीन-चार अक्षरे, बहुतेक विटांवर तीच: प्रेत ह्याच्या खाली आहे.